काळ्या काचेमागून

बडोदे, ता. १० जानेवारी १९९७

ती. ताईस, कुशलचा सा. न. वि. वि.

येथे सर्व मजेत. नाशिकला मामांकडे तुझं मन रमलं असेल. इथे तुला बघून गेलेल्या अनुजरावांमुळे माझी झोप उडाली आहे. त्या दिवशी ते स्वतःबद्दल म्हणाले होते, ‘मी ट्रान्सपरंट माणूस आहे.’ मी डिक्शनरी काढली. पहिला अर्थ, आरपार दिसणारा. दुसरा, मनात काही न ठेवणारा. तिसरा, ज्याचं खोटं चटकन उघडं पडतं असा. यातला कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचे वडील हंबीरराव म्हणाले की आई आजारी, गावी असते. मग काल अनुजराव डबा घेऊन सयाजीगंजात कोणाच्या जिन्यात शिरले? वर एका बाईंनी दार उघडलं. बाबा होकार कळवणार आहेत. त्याआधी मी छडा लावतोच.

लोभ आहेच, तो संशयी भावावरही ठेव.
कुशल

नाशिक, ता. २० जानेवारी

चि. कुशल, अ. आ.

तुझ्यापाठोपाठ अनुजचंही पत्र आलं. त्या जिन्यासमोरच्या फरसाणवाल्याच्या काचेला तूच काळी फिल्म लावलीस ना? दिवसा बाहेरून आतलं दिसत नाही, पण सांजावल्यावर आत दिवे लागले की उलटं होतं, हे गिऱ्हाइकांना तूच सांगतोस. जिन्यावरून त्याला होणारे मेहुणे स्वच्छ दिसले, ताटलीआड तोंड लपवून फाफडा खाताना!

अरे, त्या त्याच्या आई, स्नेहलताबाई. हंबीररावांचं घर सोडून त्या वेगळ्या राहतात. आपल्या गच्चीवर बोलायला पाठवलं तेव्हाच त्याने मला सांगितलं, आणि नकार दिलास तरी राग नाही, असंही. बाबा सोयरीक मोडतील म्हणून मीच गप्प राहिले. मला हाच मुलगा हवा आहे. पण लपवून लग्न नको. बाबांना तू सांग, माझा धीर होत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई, शलाका

बडोदे, ता. २८ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सांगितलं. बाबा पानावरून उठले. हंबीरराव खोटं बोलले, असलं घर नको, म्हणाले. मुलगा खरं बोलला, असं मी म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मग माझ्यापासून कोणी लपवलं?

आईने मात्र नारळ आणि कुंकवाने भरलेला करंडा घेतला आणि जिना दाखव म्हणाली. मला खालीच रिक्षापाशी थांबवलं. बऱ्याच वेळाने उतरली. घरी बाबांना एवढंच म्हणाली की विहिणीचं पहिलं बोलावणं मी करून आले, आता तुम्ही बघा. आज बाबांनी होकार कळवला.

वर काय बोलणं झालं, ते आई सांगत नाही. करंडा रिकामा आहे आणि डोळे सुजले आहेत. मला दाट संशय आहे, दोघी रडल्या.

तुझा,
कुशल