डब्यातली किल्ली

२ जुलै

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला साठवणीचा डबा घरच्या नेटवर्कला जोडला. फोटो, आजीचा रेकॉर्ड केलेला आवाज, सगळं त्यात भरून तू सांगितलंस तसं एन्क्रिप्शनचं कुलूप लावलं. पासवर्ड एकवीस अक्षरी. चाळीस वर्षं कुलपं केली, मला शिकवू नकोस. पासवर्ड विसरल्यास लागणारी आकड्यांची लांबलचक किल्ली छापून आली होती. कुणाच्या हाती लागायला नको म्हणून तिचा फोटो डब्यातच ठेवला, कागद जाळला आणि जुना फोन पुसून टाकला. आता चोर बसेल डोकं खाजवत.

तुझी आई नुसती हसतेय. का, ते सांगत नाही.

तुझे बाबा

८ जुलै

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पासवर्ड मागतो. तो आठवला नाही तर किल्ली हवी, आणि किल्ली आत. कपाटात किल्ली विसरून दार ओढून घेणाऱ्या गिऱ्हाइकांच्या नकला तुम्हीच करायचात ना? पासवर्ड आजच लिहून डब्यापासून लांब ठेवा. आजीचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. रागवायचं ते नंतर रागवा.

तुमची ठमी

१३ जुलै

चि. ठमीस आशीर्वाद.

पत्र आज पोचलं, वीज काल गेली. मला अठरा अक्षरं आठवतात, त्यातल्या दोनांबद्दल शंका आहे. माझ्यापुढे हरलं नाही असं एकही कुलूप आयुष्यात भेटलं नाही, पण याला भोकच नाही. रोज सकाळी माझ्या आईचा आवाज ऐकायचो. आज चहा तसाच गार झाला. एखादी चोरवाट असेल तर कळव. आपल्या कुलपांच्या दुकानात कुणाला बोलू नकोस.

बाबा

१४ जुलै

चि. ठमीस आईचे आशीर्वाद.

बाबांचं पत्र मिळालं असेल तर घाबरू नकोस. या कुलूपवाल्याच्या संसारात मी आपल्याच घराबाहेर अकरा वेळा पायरीवर बसले आहे. म्हणून हे कागद जाळायला काडेपेटी शोधत होते तेवढ्यात मी ते आकडे शिवणाच्या वहीत, मापांच्या मधे उतरवून घेतले. चोराला वाटेल, कुणाचं तरी अवघड माप आहे. दोन दिवस गप्प बसणार होते, माझ्या जादा किल्ल्यांना हसतात म्हणून. पण आज हे चहा घेऊन बंद डब्यासमोर बसले, ते मला बघवेना.

वहीतले आकडे घालून डबा उघडला. यांनी आधी सासूबाईंचाच आवाज लावला. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, बाहेर निघालास, किल्ली घेतलीस का. हे डोळे पुसत डब्याला हो म्हणाले. मी वही पदराआड केली.

लोभ असू दे, आणि त्याची एक प्रत वेगळी ठेव.

तुझी आई