वरच्या पट्ट्यातले दगड

ता. ४

ती. दादास,
सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केलाय असं समज, कारण पुढे सगळं भांडणच आहे.

आपल्या पांढऱ्या वाईनवर भाळलेले पाहुणे बाग बघायला येणार, हे बरं झालं. पण त्याआधी वरच्या पट्ट्यातले दगड उचलायला तू यंत्र पाठवणार, हे काय खूळ काढलंस? बाग नीटनेटकी दिसावी म्हणे! लग्नाचा हॉल आहे का तो?

तू शहरात बसून वाईन विकतोस, दगड मी तुडवते. माझ्या चार यत्ता धड झाल्या नाहीत, पण एवढं कळतं. हे टेकाड कुणालाच नको होतं म्हणून आईच्या वाट्याला आलं. खालून दगड वेचत तिने अर्धं साफ केलं, मग तिची कंबर बसली आणि वरचं राहून गेलं. वेली दोन्हीकडे सारख्याच. खालची द्राक्षं नुसती फुगतात, रस पाणचट. वरची बारकी, पण रस दाट; त्या चुनखडीच्या दगडांतून पाणी झरून जातं, आणि दिवसभर तापलेले दगड ऊन उतरल्यावरही वेलींना ऊब देतात. जिचं एवढं नाव झालंय ती वाईन तेवढ्याच पट्ट्याची. दगड गेले की वाईन गेली. यंत्र आलं तर मी फाटकात आडवी पडेन, आणि मी किती जाड झालेय ते तुला ठाऊक आहे.

लोभ असू दे. नसला तरी यंत्र पाठवू नकोस.
तुझी लवंगी

ता. ९

चि. लवंगीस,
अ. आ. तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं आणि फाटकाच्या ओळीपाशी पोचल्यावर हसून हसून चहा सांडला. यंत्रवाल्याला आजच नको म्हणून कळवलं. दगडांना हात लागणार नाही.

आता माझं ऐक. आईची कंबरबिंबर काही बसली नव्हती. मी आठ वर्षांचा होतो, मला पक्कं आठवतंय. दगड वेचणं थांबलं त्या दुपारी ती टोपली तिथेच टाकून घरी आली, आणि संध्याकाळी तू झालीस. पुढे तू तिला हात मोकळे करू दिलेस तर ना! कडेवरून उतरवलं की भोंगा सुरू. लागवडीची वेळ आली तेव्हा तिने उरलेली रोपं दगडांतच खोचली. तू फुशारशील म्हणून तुला कधी सांगितलं नसेल.

ही जागा कुणी हेरली, असं पाहुण्यांनी विचारलं होतं. आजोबांनी माती चाखून निवडली, असं मी ठोकून दिलं. आता खरं सांगतो, आणि बाटलीवरही तेच छापतो. तुझा भोंगा धरून.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझा दादा

ता. १४

ती. दादास,
सा. न. पत्र दोनदा वाचलं. मला वाचायला वेळ लागतो म्हणून.

काल वर गेले होते. दगड सुरू होतात तिथे जरा टेकले. कामाच्या बायका लगेच विचारायला आल्या, बरं नाही का. त्यांना म्हटलं, घड बघा, माझं तोंड काय बघताय.

आजोबांना खोडून टाक, ते त्या टेकाडावर कधी चढलेसुद्धा नाहीत. माझं रडणं छापलंस तर एक बाटली भरू देणार नाही. आईचं नाव छाप. आणि मोठ्या अक्षरांत. मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.

लोभ आहेच, तो वाढवत बसायला मला वेळ नाही.
लवंगी