पिवळा क्षार

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी कंपनीवाली! सोलापुरात दोन वर्षं बोअरच्या पाण्यातले क्षार मोजून जीव विटला होता. भोसरीतल्या या छोट्या कारखान्यात जुन्या गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या जाळ्या येतात. त्या दळून, सोनंसुद्धा विरघळवणाऱ्या आम्लराजात उकळायच्या, की आतलं प्लॅटिनम आणि पॅलेडियम विरघळून लालभडक द्रावण तयार होतं. ऱ्होडियम मात्र रुसून तळाशीच बसतं, त्याचे लाड वेगळे. मग द्रावणात नवसागर घातला की प्लॅटिनमचा क्षार खाली बसतो, थेट हळदीसारखा पिवळा. पुस्तकात वाचलेलं डोळ्यांसमोर घडलं आणि मी चक्क टाळी वाजवली. काचेची भांडी धुणाऱ्या शालनबाई हसल्या. मॅनेजर हिंदुराव साहेब हसले नाहीत. हा क्षार ओला असतानाच हाताळायचा, वाळून धूळ उडाली तर छातीत जाते, असं त्यांनी बजावलं. ते मलाही ठाऊक होतं. प्लॅटिनमची अंगठी जन्मभर घाला, काही होत नाही. पण आम्लात विरघळून क्लोरिनशी जोडी जमवलेलं प्लॅटिनम दम्याला आमंत्रण देतं.

राहायला रहाटणीत मावशीकडे, झुलेखाखालाकडे. खालाने गोडाचा शिरा केला होता. घरी आफताबभाईला फोनवर सांगून टाकलं, आता काही मी सोलापूरला परत येत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
काल एमआयडीसीची गुरुवारची सुट्टी होती, दिवसभर लोळले. आज कथिलाचे कागद केले. गाळणकागदाच्या पट्ट्या कथिलाच्या क्लोराइडमध्ये भिजवून दोरीवर वाळत घालायच्या. प्लॅटिनमचा थेंब लागला की पट्टी नारिंगी होते. सांडपाणी सोडण्याआधी पट्टी कोरी राहिली पाहिजे. लहानपणी पतंगाला शेपट्या लावायचे तसं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
वाळवणखोलीतल्या धूळ ओढणाऱ्या पंख्याची मोटर दिवाळीपासून जळालेली आहे म्हणे. ऑर्डर अडलीय, मास्क लाव आणि ट्रे खरवडून घे, असं साहेबांनी सांगितलं. क्षार खडखडीत वाळलेला. नाही म्हणायला हवं होतं. पण पहिले सहा महिने मी परीक्षेवरच आहे, तोंड उघडायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी खोकला लागला, छातीत बारीक शिट्टी वाजत होती.

बारा मार्चला डॉक्टर येऊन सगळ्यांना यंत्रात फुंकायला लावणार. ज्याची फुंकर कमी पडेल त्याला खात्यातून काढतात, आणि माझ्यासारख्या नवख्याला तर थेट घरीच. खालाला खोकल्याचं काही सांगितलं नाही. गूळ-आलं खाऊन होईल बरं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
वाळवणखोलीत टांगलेल्या माझ्या कोऱ्या पट्ट्यांवर नारिंगी डाग पडलेत. प्रत्येकीवर एकच, गोल. आरशावर तोंडानं ‘हाऽ’ केल्यावर वाफ उमटते तसे. धूळ असती तर सगळीकडे पसरली असती. पट्ट्या बदलल्या, डागाळलेल्या कपाटात बंद केल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. दोरी वर घेतली, तर डाग पट्टीच्या खालच्या टोकाला आला. म्हणजे तो नेहमी एकाच उंचीवर पडतो, माझ्या तोंडाच्या उंचीवर. पण मी तर डबा खायला बाहेर होते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
आज धीर करून एका पट्टीवर स्वतः श्वास सोडला. नारिंगी झाली. ते माझ्या आत आहे.

शालनबाईंनी पट्ट्या पाहिल्या आणि हातातला चंबू खाली ठेवला. मग हलक्या आवाजात सांगितलं. तुज्याआधी हितं मंजुषाताई व्हती. तिलाबी असाच दम लागायचा, पन कुनाला कळू द्यायची न्हाई. मशीनमदी नापास झाले तर नोकरी जाईल, मला पास व्हायचंय, येवढंच म्हनायची. फुंकायच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, याच भिंतीला पाठ लावून गेली बिचारी. तू तसं करू नगंस पोरी, असंही म्हणाल्या.

३ मार्च, सोमवार
रोजे सुरू झालेत. साहेबांकडे दुसरं काम मागितलं. ते म्हणाले, आरफा, यंत्रानं सांगितलं तर घरी न पाठवता काचधुलाईत घेतो, तुझ्या सांगण्यावर नाही.
म्हणजे मला आता नापास व्हायचंय. छाती बघता ते अवघड नाही.
एक पट्टी घरी आणून खिडकीला टांगली. रात्रीपर्यंत दोन डाग. एक फिका, माझा. दुसरा गडद.

८ मार्च, शनिवार
संध्याकाळच्या नमाजनंतर खालाने विचारलं, तुझ्याबरोबर अजून कोण बसलं होतं? तिला दोघींचे श्वास ऐकू येत होते. खरं सांगितलं तर खाला घाबरेल. मीच इतकी घाबरलेय.

११ मार्च
जिना चढताना चार वेळा बसले. माझा डाग आता उमटतच नाही. दुसरा विटकरी झालाय — ओला असतो.
फक्त उद्यापर्यंत. डॉक्टर बघतील. यंत्र खोटं बोलत नाही.

१२ मार्च
फुंकले. फुंकले नाही — छातीत हवाच नव्हती. नळी ओठांत धरली, आणि आतून कोणीतरी —
लांब. गार. थांबेना. डोळ्यांपुढे अंधारी, तरी फुंकर चालूच. डॉक्टर खूश. बाकीच्यांना आकडा दाखवला. याला म्हणतात फुप्फुसं, म्हणाले.
बोलायला गेले — आवाज नाही. त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलं, श्वास येत नाही. हसले. रोजा आहे ना, म्हणाले.
साहेब — परवापासून दोन पाळ्या. वाळवणखोली.

घरी. खाला बाजारात गेलीय.
छाती वर-खाली होतेय. मी करत नाहीये. ती किती आनंदात — मला कळतंय, आतून कळतंय — पास झाली ती —
शालनबाईंना फोन लावला. त्यांनी हॅलो म्हटलं. माझ्या तोंडातून आवाज निघाला. माझा नव्हता. शालनबाई रडायला लागल्या, म्हणाल्या मंजुषाताई, पोरीला सोड —
ती नाही म्हणाली. माझ्याच ओठांनी —
हात अजून माझा आहे. एवढं लिहून दाराशी जाते. खाला आली की दाखव