जावयाचा हात आणि मक्याचा भरडा

आबा, मी तुमच्या जावयाचा हात मोडला. हे वृत्त विपर्यस्त स्वरूपात तुमच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी मीच निवेदन करावे, असे सौजन्याला धरून वाटले. तिकडील वार्तावहनाची व्यवस्था कशी आहे, याची मला कल्पना नाही. हाड कोपराखाली मोडले आहे, खांद्याला सूज आहे आणि एका गुडघ्याविषयी डॉक्टर अद्याप मौन बाळगून आहेत. साधन म्हणून तुम्ही तासलेला फावड्याचा बाभळीचा दांडा योजला होता. त्याच्या गुणवत्तेविषयी शंकेला जागाच नव्हती. माझ्या पाठीने ती बालपणीच प्रमाणित केली होती. जावयाचे मला फारसे काही वाटत नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. पण त्या दिवसापासून तुमची लेक माझ्या घराची पायरी चढलेली नाही. आई गेली, तुम्ही गेलात. ज्या घरात मी वाढलो, त्या घराची साक्ष देणारी आता ती एकटीच उरली आहे.

तुमच्या पश्चात मेंढ्या मी विकल्या नाहीत. दिवसा लोणावळ्याच्या शाळेत मुलांना संस्कृत शिकवतो आणि सकाळ-संध्याकाळ आंदर मावळातल्या आपल्या मेंढवाड्यात मेंढरांची सेवा करतो. दोन्हीकडील श्रोतृवृंदाची ग्रहणशक्ती सारखीच. ईद जवळ आली की नर कोकरे तयार करायची, हा तुमचाच परिपाठ चालू आहे. शेवटच्या त्या काळात त्यांच्यापुढे काय ठेवायचे, यावरच वर्षाचे सारे अवलंबून असते. चाऱ्याने कोकरू जगते, अंगावर मांस चढते ते खुराकाने. आणि खुराक चुकला तर तेच कोकरू दिवसभरात आडवे होते. या विषयात तुमच्या जावयाने स्वतःला अधिकारी पुरुष मानले, कारण कामशेतला त्याचे पशुखाद्याचे दुकान आहे. यंदा तो आमच्या बहिणीला घेऊन मुक्कामाला आला आणि वाड्यातच शास्त्रार्थ सुरू झाला.

"मास्तर, तुमच्या आबांची रीत म्हंजी बैलगाडी," तो म्हणाला. "मक्याचा भरडा घाला पोटभर. ईदीपतूर कोकरू कसं टरटरून येतंय बगा."

"दाजी, पोटाला सवय लागावी लागते."

"पोट हाय का शाळा, हळूहळू शिकवाया?"

विनोद चांगला होता, मीही हसलो. परंतु निर्णय बदलला नाही. हरभऱ्याचे भुसकट, शेवरीचा पाला, थोडी शेंगदाणा पेंड, आणि भरडा रोज मूठभर वाढवत न्यायचा, हाच तुमचा पाठ मी प्रमाण मानला. बहीण म्हणाली, "ऱ्हाऊंद्या हो, दादाला कळतंय त्यातलं." त्यावर जावई नुसता खाकरला.

आबा, मला तुमचे हे एक कोडे कधी उलगडले नाही. तुमचा हात शब्दाआधी उठायचा. कालवणात मीठ जास्त झाले म्हणून तुम्ही आईला ताटासकट भिंतीवर आदळले होते आणि मध्ये पडलेल्या बहिणीच्या भुवईवर अजून पांढरी रेघ आहे. बहिणीला ढुसणी मारणाऱ्या मेंढ्याच्या कपाळावर तुम्ही नुसत्या मुठीने प्रहार केलात आणि तो गुडघ्यांवर बसला, हे सारा गाव सांगतो. असा मनुष्य कोकराला नव्या दाण्याची ओळख करून देताना मात्र पंधरवडा घ्यायचा. मी खेळायला पळण्याच्या घाईत घमेलेभर भरडा एकदम गव्हाणीत ओतला, तो दिवस मला दिसतो. तुम्ही दारातून येता. कानाखाली बसते, मी गव्हाणीवर आदळतो, दात तुटतो, भरड्यात रक्त सांडते. तुम्ही कोकरे पाय धरधरून मागे ओढता, अक्षरशः भिरकावता. मग मला शेजारी बसवता आणि कधीही न ऐकलेल्या आवाजात म्हणता, "कोकराचं पोट चुलीवानी अस्तंय. समदी लाकडं एकदम कोंबली की इझतंय. एकएक घालायचं." मी तोंडातले रक्त गिळत मान हलवतो. माझ्या आयुष्यातील सर्वोत्तम अध्यापन ते हेच, असे म्हणण्याची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना जावयाने भरड्याचे अख्खे पोते गव्हाणींत ओतले. मला चकित करायचे होते म्हणे. संध्याकाळी परतलो तेव्हा गव्हाणी चाटून पुसून स्वच्छ होत्या आणि कोकरे शांत उभी होती. मीही काही विचारले नाही. पहाटे उजाडता उजाडता वाड्यातून लाथांचा आवाज आला. पोटे नगाऱ्यासारखी ताणलेली, दात करकरा वाजताहेत, तोंडाला हिरवट फेस. एक कोकरू मान पाठीकडे टाकून चारी पाय हवेत झाडत होते, जणू आडवे पडून धावत होते. दुसरे फळीवर डोके आपटत राहिले, कपाळ फुटले तरी थांबेना. तिसऱ्याला मी मांडीवर घेतले, तर मरता मरता त्याने माझ्या बरगड्यांत अशा लाथा घातल्या, की वाटावे, ते माझ्यावरच सूड घेत आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी नळीने सोडा पाजला, सुया टोचल्या. सूर्य डोक्यावर येईपर्यंत वाड्याबाहेर कलेवरांची ओळ लागली होती आणि माश्यांना सण होता.

तेव्हा जावई तोंड पुसत आला, ओळीकडे पाहून म्हणाला, "जाऊंद्या मास्तर. धंद्यात दोन-चार जायाचीच. चला, खड्डा काढू." आणि खड्ड्यासाठी म्हणून त्यानेच फावडे माझ्या हाती दिले.

फावड्याचे पाते सैल होते. पहिल्याच फटक्याला निखळून पडले, हे त्याचे पूर्वसंचित. पहिला फटका खांद्यावर. तो "ओ मास्तर, ओ मास्तर" करत गव्हाणीत पडला. दुसरा गुडघ्यावर. तिसऱ्याला त्याने हात आडवा धरला आणि ओले लाकूड मोडावे तसा आवाज झाला. प्रत्येक फटक्याबरोबर मी काहीतरी बोलत होतो. पूर्वपक्ष ऐकून घेतला आहे, आता उत्तरपक्ष, अशा धाटणीचे शास्त्रशुद्ध मराठी. व्याकरणाची एकही चूक झाली नसावी. चौथा फटका उचलला तेव्हा दांड्याखाली बहिणीचे डोके होते. ती नवऱ्यावर पालथी पडली होती. मान वळवून नुसती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. दांडा माझ्या हातातून गळला, आणि मग तिनेच पिकअप बोलावून त्याला तळेगावच्या दवाखान्यात नेले.

उरलेली कोकरे आता पेंढ्यावर आहेत. पोटे सावरली, की भुसकटापासून नव्याने प्रारंभ. ईदेला ती तयार होणार नाहीत.

काल टाकव्याला तिच्या दारी गेलो. तिने आत ये म्हटले नाही. उंबऱ्यातच उभी राहिली, हात पदरात गुंडाळून.

"त्यांची चूक व्हती," ती म्हणाली. "त्यांना बी सांगितलंय मी. दुकानातनं उठून दुसऱ्याच्या गव्हाणीत हात घालायचं काम न्हवतं."

"मग?"

"मग काय. मारलंस ते मारलंस. आमच्या घरात मार काय नवा हाय का? आबा मारायचं आन् वाड्यामागं जाऊन रडायचं. तुला ठावं न्हाई, मी पानी न्यायची. म्हनून त्यांना माफ केलं असं न्हाई हां." तिने मान वर केली. "पर तुजं तोंड बगितलं मी, दादा. तू हसत व्हतास."

मी उंबऱ्याबाहेरच्या चपला जोडीने लावू लागलो.

"खरं काय ते सांग," ती म्हणाली. "खरं सांगितलंस तर यीन मी घरी. आज न्हाई, पर यीन. हसत व्हतास का न्हाई?"

"नाही," मी म्हणालो. "चेहरा तसा झाला असेल."

"बरं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतले. कडी घातल्याचा आवाज आला नाही. तरी मी दार लोटून पाहिले नाही.

आबा, मी हसत होतो. पहिल्या फटक्यापासून. हे तुम्हाला लिहिणे सोपे आहे, कारण तुम्ही दार लावू शकत नाही. हे पत्र ज्या दारी पोहोचायला हवे, ते येथून सायकलच्या अंतरावर आहे, आणि मी ते उद्याही नेणार नाही.