फोनसाठी केलेली सही

सोमवार, ३ तारीख

रोजनिशी लिहिण्याची मला हौस नाही. लेकीने भाग पाडलं म्हणून लिहिते आहे.

गेल्या महिन्यात माझा फोन पाच वेळा हरवला आणि पाचही वेळा घरातच सापडला. एकदा टॉवेलांच्या घडीत, एकदा चक्क फ्रिजमध्ये. लेकीला नववा लागला आहे. बाळंतपण झालं की मी तिच्याकडे जाऊन बाळ सांभाळायचं, असं ठरलं आहे. परवा ती म्हणाली, आई, तू बाळालाही कुठेतरी ठेवशील आणि आम्हाला विचारत फिरशील. हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, एकदा डॉक्टरला दाखवू या का? मी म्हटलं, आधी पुरावा दे, मग डॉक्टरचं बोल. तेव्हा बाईसाहेबांनी अट घातली की रोज कोणती वस्तू कुठे ठेवली ते लिहायचं आणि वही तिला दाखवायची. सोबत एक स्मार्टवॉचही पाठवलं. बाळ माझ्या हाती द्यायचं की नाही ते या वहीवर ठरणार आहे, म्हणून लिहिणं आलं.

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि छान गेला. एकतीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काढल्यावर घरी बसणं अंगावर आलं होतं. ही सरकारी रेकॉर्ड रूम, नोकरी कंत्राटी का असेना, माझ्या स्वभावाची निघाली. एक मोठा हॉल, उंच खिडक्या, लोखंडी रॅकच्या बारा रांगा, प्रत्येक खणाला नंबर. निकाली निघालेली प्रकरणं इथे येतात. माझ्या हाताखाली एकच शिपाई आहे, तोही कंत्राटी, वयाने माझ्याएवढा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो म्हणून सगळं ऑफिस त्याला किल्लीदादा म्हणतं. तो म्हणाला, बाई, इथे फाइल आली की बाहेरचे लोक विसरायला मोकळे. मी म्हटलं, आपण विसरायचं नाही, त्याचाच पगार मिळतो.

फोन: टेबलाचा वरचा ड्रॉवर.

मंगळवार, ४ तारीख

भिंतीवर नियम रंगवलेला आहे. खणातून काहीही काढल्यास त्या जागी पुठ्ठ्याची पट्टी ठेवावी. पट्टीवर काय नेलं, कुणी नेलं आणि सही. सात दिवसांत वस्तू परत. उत्तम नियम आहे, पण पाळत कुणी नाही. चौदा खण रिकामे, पट्टी एकाही ठिकाणी नाही. किल्लीदादाला चांगलं फैलावर घेतलं. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि शेवटी म्हणाला, बाई, तुम्ही शाळेत होतात का? लायब्ररीत, म्हटलं. तो म्हणाला, तरीच.

लेकीने फोनवरून घड्याळ शिकवलं. त्यावर फोनचं चित्र आहे. ते दाबलं की फोन गप्प केलेला असला तरी मोठ्याने वाजतो, फक्त तो पन्नासेक पावलांत हवा. उलटंही करता येतं. फोनवरून बटण दाबलं की घड्याळ मनगटावर थरथरतं.

फोन: वरचा ड्रॉवर.

गुरुवार, ६ तारीख

फोन ड्रॉवरमध्ये ठेवला होता. वरची ओळ साक्षीला आहे. अकरा वाजता उघडला तर नाही.

घड्याळावरचं चित्र दाबलं. आवाज रॅकमधून आला. मी पुढे आणि किल्लीदादा मागे, असे नवव्या रांगेत पोचलो. खण चौऱ्याण्णव. दोन फायलींच्या मध्ये फोन उभा होता, फाइल लावतात तसा, पाठ बाहेर करून. किल्लीदादाला काही नवल वाटलं नाही. माझ्या जागेवरच्या आधीच्या बाईंचा चष्मा असाच जायचा म्हणे. अकरा वर्षं जायचा. त्या उचलायच्या, डोळ्यावर लावायच्या आणि कामाला लागायच्या.

मी फोन काढला आणि पट्टी भरली. काय नेलं: फोन. कुणी नेलं: माझं नाव. खाली सही. रजिस्टरलाही नोंद केली. किल्लीदादा बघतच राहिला. म्हणाला, अहो बाई, स्वतःच्या वस्तूची कुणी सही करतं का? मंगळवारी ज्याला झापलं त्याच्यासमोर मी नियम कसा मोडू? नियमात 'काहीही' असं लिहिलं आहे.

शुक्रवार, ७ तारीख

फोन जागच्या जागी. लेकीला वहीतला कालचा मजकूर वाचून दाखवला. ती पोट धरून हसली. म्हणाली, स्वतःचा फोन स्वतःलाच उसना देणारी आई जगात माझीच. बाळ आतून लाथा मारतंय, त्यालाही विनोद कळला म्हणे.

पट्टी खणातच आहे. वस्तू परत आल्याशिवाय नोंद खोडता येत नाही.

सोमवार, १० तारीख

बरोबर अकराला घड्याळ थरथरलं. वर अक्षरं आली: फोन तुम्हाला शोधत आहे.

फोन ड्रॉवरमध्ये होता, ड्रॉवरला कुलूप आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. उघडून पाहिला, पडदा काळा. लेक म्हणते, काहीतरी दाबलं गेलं असेल. बंद ड्रॉवरमध्ये कोण दाबणार, हे मी तिला विचारलं नाही. नववा महिना आहे.

बुधवार, १२ तारीख

आज सहा वेळा. टेबलाशी हलकं थरथरतं, रॅककडे चाललं की जोर वाढतो. नवव्या रांगेत मनगट दुखायला लागलं. काम होत नाही. एकाच फाइलवर तीनदा नंबर घातला.

किल्लीदादा म्हणाला की उद्या सातवा दिवस आहे, बाई. एवढंच म्हणाला आणि चहा आणायला गेला.

गुरुवार, १३ तारीख

सकाळपासून घड्याळ थांबलेलं नाही. काढून ठेवलं तर टेबलावर सरकत सरकत रॅकच्या बाजूला जातं.

किल्लीदादाने त्याच्या फोनवरून आधीच्या बाईंना लावून दिलं. ठणठणीत आहेत, बागकाम करतात. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सही कशाला केलीत हो? मी अकरा वर्षं चष्मा उचलला, पण तो त्या खोलीचा आहे असं कधी लिहून दिलं नाही. तुम्ही दिलंत.

खरं आहे. मी लिहूनच दिलं आहे.

मग नियमाप्रमाणे वागले. फोन चौऱ्याण्णवमध्ये उभा केला, पट्टी काढली, नोंद खोडली. घड्याळ तत्क्षणी थांबलं. इतकं हायसं वाटलं की खुर्चीवर बसून राहिले. फोन काय, नवा घेता येईल.

शुक्रवार, १४ तारीख

ऑफिसच्या फोनवरून लेकीला लावला. नंबर पाठ आहे. रेकॉर्ड केलेला आवाज आला, हा नंबर अस्तित्वात नाही.

जावयाला लावला. त्याने नम्रपणे ऐकून घेतलं. म्हणाला, काकू, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय, माझं लग्न झालेलं नाही.

आवाज त्याचाच. चेष्टा करणारा माणूस नाही.

घड्याळावरचं चित्र दाबलं. आवाज नवव्या रांगेतून आला. खणात फोन नव्हता. फोन ठेवला होता तिथे एक नवी फाइल उभी होती आणि वाजत होती. वर लेकीचं नाव. आत तिची जन्मतारीख, शाळा, पडलेला पहिला दात, माझ्या फोनमधले सगळे फोटो कागदावर चिकटवलेले. शेवटच्या पानावर आजची तारीख. सकाळी नऊ वाजता कळा सुरू. हॉस्पिटलचं नाव, खाट बारा. त्यामागे आणखी एक पान. वर 'बाळ' एवढंच, बाकी कोरं.

मी काय परत केलं ते आता कळलं. तिचं जे जे माझ्यापाशी होतं ते सगळं त्या फोनमध्ये होतं.

शनिवार, १५ तारीख, सकाळ

काल किल्ली मागून घेऊन रात्रभर इथेच नंबर फिरवत बसले, हॉस्पिटलला फोन आत्ता लागला. खाट बाराला एक बाई आहे, असं नर्स म्हणाली. सोबत कुणी नाही. केसपेपर सापडत नाही. कालपासून अडली आहे. आई येणार आहे असं सारखं म्हणते. नर्स स्वतःच चाचरत बोलत होती. म्हणाली, काय होतंय कळत नाही, आम्ही तिच्या खोलीबाहेर पडलो की ती आहे हेच विसरतो. डॉक्टर दोनदा येऊन न बघताच गेले. मी म्हटलं, लिहून ठेवा, हातावर लिहा. ती म्हणाली, कुणाबद्दल?

फाइल उचलली आणि निघाले. आठ तासांचा प्रवास. पट्टी भरली नाही, नियम गेला खड्ड्यात.

गेटबाहेर आले आणि उभी राहिले. हातात काही नव्हतं. मी बाहेर कशाला आले तेच आठवेना. शनिवार आहे, भाजी घ्यायची असेल, असं वाटलं. चार पावलं बाजाराकडे गेलेसुद्धा. मग पर्समध्ये ही वही हाताला लागली. उघडून वाचली.

पळत आत आले. फाइल खणात उभी.

बाहेर गेले तर मीही विसरणार. इथे बसले तर ती तिकडे एकटी—

शनिवार, दुपार

आधीच्या बाई फोनवर म्हणाल्या, सही केल्यावर त्या खोलीला रिकामी जागा चालत नाही. तोडीस तोड द्यावं लागतं.

सुट्टी असूनही किल्लीदादा आला. फाइलच्या जागी रजिस्टर ठेवून पाहिलं. नोकरीच्या कागदांतली माझी पदवीची सर्टिफिकेटं. बोटातली आईची अंगठी. प्रत्येक वेळी किल्लीदादा फाइल घेऊन गेटपर्यंत गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. कशाला गेलो होतो, बाई, असं विचारत.

तोडीस तोड काय ते मला ठाऊक आहे. सकाळपासून ठाऊक आहे. उगाच वेळ काढते आहे आणि ती तिकडे—

तीन वाजता

पट्टी भरली. काय नेलं: लेक आणि बाळ. कुणी नेलं: आई. खाली पूर्ण नावाची सही केली. अक्षर वाचता येतं.

किल्लीदादाला फाइल दिली. गेटबाहेर जाऊन हॉस्पिटलला फोन कर म्हटलं. तो रडत होता. मी म्हटलं, रडू नकोस, वेळ जातो.

खाली बसले आहे. चौऱ्याण्णवसमोर. गार लागतंय.

साडेतीन

गेटवरून त्याचा आवाज ऐकू आला. फाइल हातात राहिली. जावई पोचतोय. डॉक्टर आत आहेत. मुलगी झाली, दोघी बऱ्या—

मुलगी.

तो दारात आला. हॉलभर बघितलं. कुणी आहे का इथे, म्हणाला. मी त्याच्यासमोर बसले आहे. हाकही मारली. किल्ल्या वाजवत गेला. दिवे बंद केले. खिडकीतून उजेड आहे अजून, तोवर लिहिते.

नोंद पुरी करायला हवी. अर्धवट ठेवायची नाही.

रांग नऊ, खण चौऱ्याण्णव.
काढलं: फाइल एक, पानं सर्व, बाळाच्या पानासह. सुस्थितीत.
ठेवलं: घड्याळ एक, चालू. चष्मा एक. पर्स एक. वही एक.
बाई एक. वय एकसष्ट. उभी. पाठ बाहेर.
नाव — पट्टीवर होतं, आता पुसट —
नातं: आई.
कुणाची, ते