देवाचे पाच आणि सरकारचे पाच

सान मेल्चोर,
सप्टेंबरअखेर

तीर्थरूप फिदेन्सियो मामांना, तुमच्या उजव्या हाताला ओठ लावून, अबेलार्दोचा नमस्कार.

तिकडे सीमेपलीकडे फ्रेस्नोला द्राक्षांचा तोडा संपत आला असेल आणि तुमची पाठ पुन्हा कुरकुरायला लागली असेल. मामींचा गुडघा कसा आहे? तुमचं इथलं घर शाबूत आहे. गच्चीवरची टाकी गळत होती ती मी दुरुस्त केली, म्हणजे आता ती दुसऱ्या बाजूने गळते. बाकी सर्व क्षेम.

मी कॉलेज सोडलं त्याबद्दल आईने तुम्हाला जे काही सांगितलं असेल ते अर्धंच खरं आहे. मी वाया गेलेलो नाही. मी इथे शिकतोच आहे, फक्त विषय बदलला आहे. आल्यापासून मी प्रामुख्याने एकच गोष्ट शिकलो, ती म्हणजे स्पॅनिशमध्ये घड्याळ सांगणे. तुम्ही हसाल. पण आमच्या घरची स्पॅनिश तुम्हाला ठाऊक आहे. जेव, झोप, गप्प बस, आणि चप्पल हातात घेतल्यावरचे पाचसहा शब्द. आईला वेळेसाठी 'आत्ता' आणि 'आत्ताच्या आत्ता' एवढे दोनच शब्द पुरत. त्यामुळे जानेवारीत सुट्टीला इथे आलो, मला कुत्रं चावलं, आणि दवाखान्यातल्या रोसाल्बाने पुढच्या इंजेक्शनला पावणेआठला बोलावलं, तेव्हा मी सव्वाआठला हजर झालो. (कुत्रं तिच्याच वडिलांचं होतं, हे मला मागाहून कळलं. मनात काही ठेवलेलं नाही, कुत्र्याबद्दल तरी.)

तिने विचारलं, "तुमच्या तिकडे घड्याळं नसतात का?"

मी म्हटलं, असतात, पण त्यांत नुसते आकडे असतात. त्यावर तिने औषधाच्या खोक्याच्या पाठीवर एक वाटोळं घड्याळ काढलं आणि मला शिकवायला बसली. मामा, मी कॉलेजात दीड वर्ष काढलं, पण शिकवणं काय असतं ते त्या खोक्यावर कळलं. अर्धा तास उलटला की गेलेलं मोजायचं नाही, येणाऱ्या तासाला किती कमी आहे ते सांगायचं. एक वाजला तर तो बिचारा एकटा, दोनपासून पुढचे सगळे घोळक्याने. दुपार बारानंतर लागत नाही, जेवल्यानंतर लागते. (जेवायला उशीर झाला तर माणूस तीन वाजेपर्यंत सकाळीच असतो.) इंजेक्शनं संपली तरी मी रोज जात राहिलो. कॉलेजची तारीख येऊन गेली, ती मी पाहिली नाही, कारण मी घड्याळ पाहत होतो.

एप्रिलपर्यंत मी इतका तयार झालो की रस्त्यात कोणी न विचारताही वेळ सांगायचो. आणि इथेच गडबड झाली. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आपण तिकडे घड्याळं तासभर पुढे करतो, तसं हल्ली इथलं सरकारही करतं. चावडीवरचं घड्याळ पुढे गेलं, दवाखान्याचं गेलं, देवळाच्या मनोऱ्यावरचं मात्र जिथल्या तिथे. मला वाटलं, म्हातारे विसरले. ते घड्याळ रोसाल्बाच्या वडिलांच्या ताब्यात असतं, डॉन एर्मिलोंच्या. मी विचार केला, चढून आपणच सारखं करावं, तेवढीच होणाऱ्या सासऱ्यांची सेवा. दुपारी (जेवल्यानंतर) चारचे ठोके पडून गेले, गाव अजून आडवंच होतं, तेव्हा मी वर गेलो आणि काटे तासभर पुढे ढकलले.

आता हे मला कोणी सांगितलं नव्हतं की गावात दोन वेळा आहेत. शाळा, दवाखाना आणि बस सरकारी वेळेवर चालतात. देऊळ, जनावरं आणि पाटाचं पाणी देवाच्या वेळेवर. डॉन एर्मिलो सरकारी वेळ मानत नाहीत. त्यांच्या कोंबड्याला सरकारची चिठ्ठी आलेली नाही म्हणतात. त्या संध्याकाळी पाटाच्या पाण्याची पाळी नेमकी त्यांची होती, चार ते सहा. एप्रिलातलं पाणी म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. पंधरवड्यातून एकदा पाळी, मका वाळून कागद झालेला. घड्याळाने सहा ठोके दिले आणि या भल्या माणसाने, आपल्या घड्याळावर पूर्ण विश्वास ठेवून, अर्धं रान कोरडं असताना स्वतःच्या हाताने पाट बंद केला. पुढची पाळी शेजारच्या डॉन सिरेनियोची, ज्याच्याशी त्यांचं जन्माचं वाकडं. मग त्यांनी स्वतःची सावली पाहिली, ती पाचचीच होती, मनोऱ्यावर धावले, काटे मागे आणले. त्यामुळे डॉन सिरेनियोला आपल्या दोन तासांवर डॉन एर्मिलोंचा तासही आयता मिळाला. त्याने नियमाप्रमाणे आठचे ठोके पडेपर्यंत पाणी घेतलं.

गावसभेत मी सांगितलं की घड्याळ चुकीचं होतं आणि मी ते बरोबर केलं. (माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. मी टेबलावरही हात आपटला.) मग डॉन सिरेनियो उठला, तोच काय तो आनंदात होता. म्हणाला, "पोराला घड्याळाची एवढी हौस आहे, तर देऊन टाका की त्याला." सगळ्यांनी हात वर केले. अशी मला वर्षभर मनोऱ्याची बिनपगारी गावसेवा मिळाली, डॉन एर्मिलोंच्या हाताखाली.

तेव्हापासून रोज त्यांच्या मागे जिना चढतो, किल्ली देतो, तेल घालतो. मे महिन्यात मला राहवलं नाही, मी सरळ त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, मला रोसाल्बाशी लग्न करायचं आहे. ते माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत राहिले आणि आत ओरडले, "बाहेर कोण आलंय का गं? मला तर कोणी दिसत नाही." रोसाल्बा आतून म्हणाली, "वारा असेल, बाबा." नंतर तिनेच मला समजावलं की मुलगा स्वतः बोलत नसतो, त्याच्या घरचा वडीलधारा माणूस येऊन बोलतो.

गेल्या आठवड्यात किल्ली देताना डॉन एर्मिलो पहिल्यांदाच वेळेखेरीज काही बोलले. "ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. पाच वाजता. बोलणारा माणूस आण."

मी विचारलं, कोणत्या वेळेने?

"त्या दिवशी सरकार शुद्धीवर येतं. दोन्ही घड्याळांत एकच वाजतो. तुला सबब नको म्हणून तो दिवस धरलाय."

मामींना नमस्कार, लहानांना गोड पापा. टाकीचं पुन्हा पाहतो.

आपला आज्ञाधारक भाचा,
अबेलार्दो

ता. क. मुद्दा राहिलाच. तो बोलणारा माणूस तुम्ही आहात. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, मग माझ्यासाठी काय बोलणार? मागणीला न्यायचा पाव, चॉकलेट आणि मेस्कालच्या बाटल्या मी जमवतो, तुम्ही फक्त स्वतःला आणा. मला त्या दिवशी तोंड उघडायची परवानगी नाही. रोसाल्बाच्या मते त्यामुळेच काही आशा आहे.

ता. क. २. डॉन एर्मिलोंना भेट म्हणून मनगटी घड्याळ कृपया आणू नका.

ता. क. ३. हे पत्र आज तीनच्या बसने निघायचं होतं. देवळाच्या घड्याळात बरोबर तीन वाजता मी पाकीट घेऊन थांब्यावर उभा होतो. बस सरकारी वेळेने तासभर आधीच गेली होती. समोर दवाखान्याच्या खिडकीत रोसाल्बा बसली होती, तिने बस जाताना पाहिली आणि मग मी येताना पाहिला. ती बाहेर आली, पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "राहू दे, उद्या मीच टाकीन. वाटलं तर." म्हणून या शेवटच्या ओळी तिच्यासमोर लिहून पत्र तिच्या ताब्यात देतो आहे. ते तुम्हाला मिळालं, तर तिचा होकार आहे असं समजा आणि लगेच तिकीट काढा.