मार्थाच्या रगची उलट बाजू

४ ऑक्टो.
शेजारची मार्था घर विकून लेकीकडे चाललीय. आज बोलावून रग दाखवला. तिच्या डॉनने (नवरा; गेला, तीन वर्षं झाली) लग्नाआधी ॲरिझोनात घेतलेला. तिथल्या आदिवासी नाव्हाहो बाईच्या हातमागासमोर बसून, असं तो सांगायचा. "पण डॉन थापाड्या होता गं. तुला साड्या कळतात, तू सांग."
काय चीज आहे! मेंढीच्याच अंगचा करडा रंग, त्यावर गेरूचा लाल, पायऱ्यापायऱ्यांच्या कडांचे काळे शंकरपाळे. एक करडी पट्टी मध्येच फिकी. लोकर संपली असणार, दुसरी मेंढी गाठली. आमच्या बेज कार्पेटने लाजून मरावं.
लक्ष्मी रोडच्या सवयीने कोपरा उलटला. दोन्ही बाजू हुबेहूब. पैठणीचा पदर असाच तर बघतो. म्हटलं, "अस्सल!" मार्था रडायलाच लागली.

५ ऑक्टो.
मार्था सकाळीच दारात. छान झोप लागली म्हणे. रग अंगणातल्या यार्ड सेलमधून बाद. नातीला लग्नात देणार, डॉनच्या गोष्टीसकट.
शिरीष: "एक साडी तीनदा बदलून आणणारी बाई एकदम म्युझियम झाली, यार!" नवरा आहे, बोलणारच.

९ ऑक्टो.
लायब्ररीतून पुस्तक आणलं, कौतुकापोटी. मेले. दोन्ही बाजू सारख्या तर मेक्सिकोतल्या नकलेच्याही असतात! खूण टोकांना. नाव्हाहो मागावर उभा धागा अखंड फिरतो. नकलेत तो कापतात, मग टोकं सुईने आत खोचतात.

१० ऑक्टो.
बटाटेवडे घेऊन गेले. निमित्त. मार्था चहा करायला आत, मी रगच्या कडेशी गुडघ्यांवर. टोकं खोचलेली. सगळी. इतक्या सफाईने, की खोचणाऱ्याला हात जोडावेत. आणि डॉनला... जाऊ दे. थाप तरी किती देखण्या रगवर मारली!
सांगायचं ठरवून गेले होते. तिने डॉनचा फोटो खोक्यातून काढून भिंतीवर परत लावलाय. बाकी भिंती रिकाम्या. वडे खाल्ले, आले.
शि.: "सांगून टाक. नात उद्या गूगल करेल." हा माणूस कधीकधी बरोबर असतो, फार त्रास होतो.

१२ ऑक्टो.
नात आली, नाव केली. रग बॅकयार्डात पसरला. उन्हात लाल पेटलाच नुसता. केली अनवाणी त्यावर.
"आजी म्हणते तू एक्सपर्ट. सो, इट्स रिअल?"
म्हटलं, विणकाम फार सुंदर आहे. असा हात सहसा बघायला मिळत नाही.
मार्था माझ्याकडेच बघत होती.
"ते नाही विचारलं तिने," म्हणाली.